वरची आणि खालची

सासूनं चहाच्या कपात बोट घातलं की वृषालीच्या कपाळाला आठी पडायची.

आता बोट घालणं म्हणजे काही ढवळणं नव्हे. द्रौपदाबाईंचा डावा डोळा काचबिंदूनं गेलेला. एका डोळ्याला जवळ-लांब कळत नाही म्हणतात ते अगदी खरं. विश्वास नसेल तर एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघा. म्हणून चहा गाळताना त्या आधी डाव्या हाताचं बोट कपाच्या काठावर अडकवायच्या, कप नक्की कुठे आहे ते बोटाला विचारून घ्यायच्या आणि मग भांडं वाकडं करायच्या. बोटाला चटका बसला की कप भरला. पाहुण्यारावळ्यांसमोरही हेच. जिना उतरताना आधी भिंतीला हात, जेवताना आधी वाटीला हात. डोळ्याच्या आधी हात, असा त्यांचा सगळा कारभार.

"आत्या, बोट काढा ना हो," वृषाली म्हणायची. सासूला ती आत्या म्हणत असे.

"बोट धुयेल शे," आत्या म्हणायच्या आणि पुढचा कप भरायला घ्यायच्या. माहेर पिंपळनेरचं, बोली अहिराणी, इतकी वर्षं जळगावात काढूनही जिभेवरचं माहेर काही सुटलं नव्हतं.

उजवा डोळा मात्र चांगला होता. त्या एका डोळ्यावर त्या दर पौर्णिमेला विहारात पुस्तकातून वाचून दाखवत. आणि हे वाचणं त्यांना कुणी लहानपणी ताटात वाढलेलं नव्हतं. चाळिशी उलटल्यावर, दिवसभर लोकांच्या शेतात निंदून आल्यावर, रात्रीच्या वर्गाला जाऊन शिकलेल्या त्या. मुलाच्या, प्रशीलच्या, जुन्या पाठ्यपुस्तकावर बोट ठेवून. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आजी, हा डोळा आता जिवापाड जपा. याला जोडीदार नाही." त्या दिवसापासून चष्म्याच्या दुकानात दाखवावा तसा तो डोळा आत्या रोज सकाळी आरशात तपासायच्या.

सुनेचा जीव मात्र दुसऱ्याच डोळ्यात अडकलेला होता. वृषाली प्लास्टिकच्या पाइपांच्या कारखान्यात माल तपासायच्या विभागात होती. पगारातून मागे टाकत टाकत तिनं एक दुर्बीण घेतली, आणि ती गच्चीवर आल्यापासून घरातल्या बोलण्यात तारे, ढग आणि अमावस्या यांच्याशिवाय काही उरलं नाही. तिला फोटो काढायचे होते. चंद्राचे नव्हे, चंद्राचे कुणीही काढतं, तेजोमेघांचे. त्यासाठी कॅमेऱ्यानं एकाच जागी मिनिटामागून मिनिटं टक लावून बघावं लागतं, आणि पृथ्वी तर घटकाभर थांबायला तयार नाही. मोटर दुर्बिणीला आकाशाबरोबर फिरवते, पण मोटर ती मोटरच, मध्येच अडखळते. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक गाईड दुर्बीण बसवायची. तिनं फोटोबिटो काही काढायचा नाही. तिनं फक्त एका ताऱ्यावर नजर ठेवायची आणि तारा जरा हलला की मोटरला चिमटा काढायचा. एसटी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून "येऊ द्या, येऊ द्या" करतो ना, तसं.

पण कंडक्टरच डुलक्या घेत असेल तर? वृषालीनं आधी कारखान्यातल्या पाइपाचे तुकडे कापून त्यांच्या कड्या बनवल्या आणि त्यांत गाईड बसवली. रात्र चढत गेली की त्या कड्या हळूहळू वाकायच्या, गाईड मान टाकायची, आणि फोटोतला प्रत्येक तारा लांबट यायचा. आकाश बघणाऱ्यांच्या ग्रुपचे म्होरके असलेल्या धुळ्याच्या ईश्वरभाऊंनी एका फोटोखाली लिहिलं, "वहिनी, हाई तारा शेतस का धना?" खाली 'धणे, धणे' करत हसऱ्या तोंडांची रांग. वृषाली त्या दिवशी जेवली नाही.

मग तिनं हट्टच धरला. बन्सीलाल लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या दोन जाड कड्या कातून घेतल्या, प्रत्येक कडीला तीन-तीन स्क्रू. ते स्क्रू पाव-पाव फेरा पिळत दोन्ही नळ्यांची नजर एका रेषेत आणायची. मोठीच्या मधोमध जे दिसेल, तेच गाईडच्या मधोमध दिसलं पाहिजे. शनिवारी रात्री तिनं कड्या बसवल्या आणि पहिल्यांदाच तारे गोल आले, मोहरीसारखे गोल. पहाटे उजाडल्यावरही तिचं मन भरेना. गाईडचा कॅमेरा काढून तिनं तिथे डोळा लावायचं भिंग बसवलं, आणि लांबच्या पाण्याच्या टाकीवरची वीजरोधक सळई दोन्ही नळ्यांतून पाहिली. केसाचा फरक नाही! ती एकटीच गच्चीवर टाळ्या पिटत हसली.

तो रविवार महिला दिनाचा. सूर्यावर तेव्हा मोठे डाग पडले होते, आणि ते कॉलनीतल्या बायकांना दाखवायचं वृषालीनं कबूल केलं होतं. आमंत्रणं आत्यांनी स्वतः घरोघर फिरून केली. "मनी सून तुमले सूर्य दाखाडनार शे," असं सांगताना त्यांची मान अशी ताठ की जणू सूर्य त्यांच्याच माळ्यावर ठेवलेला. बायका दुपारी तीनला येणार होत्या.

सकाळी वृषालीनं मोठ्या दुर्बिणीच्या तोंडावर सूर्यासाठीची चंदेरी फिल्म घट्ट बसवली. तिच्यातून सूर्य बघितला तर जणू शांत नारिंगी लाडू, त्यावर तिळासारखे डाग. फिल्म नसेल तर? तर शाळेत भिंगानं कागद जाळला होता, तो आठवा, आणि कागदाच्या जागी डोळा ठेवा. अजून सांगायला हवं का?

सूर्य मधोमध आणून ती मोटर चालू करते न करते, तोच कारखान्यातून फोन. एका मशीनचा माल जाडीत बसत नाही, साहेब हटून बसलेत, मॅडमनी येऊन बघावं. महिला दिनाच्या शुभेच्छा देऊन बाईमाणसाला रविवारी कामाला बोलावणारे हे लोक! प्रशील धुळ्याला परीक्षेच्या ड्यूटीवर गेलेला. वृषालीनं विचार केला, बारापर्यंत परत येऊ. मोटर बंद केली तर पुन्हा सगळं जुळवत बसावं लागेल, राहू दे चालू. तिनं आत्यांना हाक मारली.

"हे बघा आत्या. दोन नळ्या आहेत. खालची आहे ना, तिच्यातूनच बघायचं. वरचीला डोळा लावायचा नाही. कुणालाही लावू द्यायचा नाही. काय सांगितलं?"

"खालनीमा देखानं. वरनीले हात नही लावाना," आत्या शाळेतल्यासारखं बोलल्या.

"नक्की?"

"अवं, जाय ना पोरी. माले काय समजत नही का?"

वृषालीला हसू आलं. बारा वर्षांच्या संसारात आत्यांनी तिचं एक म्हणून ऐकलं नव्हतं. मीठ कमी घाला म्हटलं की चिमूटभर जास्त. दवाखान्याची वेळ सकाळची म्हटलं की संध्याकाळी निघणार. तरी तिनं स्कूटीवर बसता बसता खालूनही ओरडून सांगितलं, "खालचीच हां!" आणि ती एमआयडीसीकडे निघाली.

बारा वाजले, एक वाजला. माल काही जाडीत येईना. एकीकडे साहेब, दुसरीकडे मशीनवाले, मध्ये वृषाली. आत्यांना फोन करून तिनं सांगितलं, "बायका आल्या तर बसवून घ्या, मी निघतेच आहे." आत्या म्हणाल्या, "तू आरामशीर ये. मी दाखाडसू ना!" वृषालीला तेव्हा त्या बोलण्याचं कौतुकच वाटलं.

अडीचच्या पुढे कधीतरी, घाम पुसायला म्हणून तिनं कुर्त्याच्या खिशात हात घातला. रुमालाबरोबर काहीतरी बाहेर येऊन टेबलावर घरंगळलं. काळं, गोल, प्लास्टिकचं. तिला क्षणभर ते काय आहे तेच कळेना.

गाईड दुर्बिणीचं टोपण होतं ते.

पहाटे सळई बघताना काढलेलं, हसता हसता खिशात टाकलेलं. म्हणजे गच्चीवर वरची नळी उघड्या तोंडानं सूर्याकडे बघत होती, फिल्म नाही, टोपण नाही, मागे डोळा लावायचं भिंग तसंच. वृषालीनं फोन हातात घेतला. पण लगेच तिनं स्वतःला आवरलं. सांगितलंय ना? दोनदा सांगितलंय. खालचीतूनच बघा म्हणून. वरचीला कुणी डोळा लावणार नाही. उगाच जिवाला घोर कशाला. टोपण पुन्हा खिशात टाकून तिनं पाण्याचा घोट घेतला आणि समोर बघितलं.

समोर जीवराम होता, मशीनवरचा जुना माणूस. त्यानं पाइपाचा तुकडा टेबलावर ठेवला होता. कंपनीचा छाप वर. वरच्या बाजूची जाडी मोजून त्यानं पाइप हातानं हळूहळू लोळवला, तसा छाप कडेला आला, कडेवरून खाली गेला आणि दिसेनासा झाला.

"मॅडम, आता वरची जाडी लिहू का खालची?" त्यानं विचारलं.

"वरची."

"पण कोणती वरची? मघाची वरची आता खाली गेली. फिरवलं की वरचं खाली जातं."

वृषाली त्या पाइपाकडे बघतच राहिली. हातातला ग्लास तसाच.

मोटर चालू होती. मोटर सकाळपासून सूर्यामागे नळ्या फिरवत होती. आणि त्या नळ्या काही नुसत्या माना वळवत नाहीत. झोपलेलं माणूस कूस बदलतं, तशी अख्खी दुर्बीण कलत जाते. एरवी सूर्य डोक्यावरून पलीकडे गेला की वृषाली स्वतः दुर्बीण उचलून दुसऱ्या अंगावर घेते, म्हणून वरची वरच राहते. आज ती उचलायला घरी नव्हती. म्हणजे आता, या घडीला, पाठीवरची गाईड पोटाखाली आली असणार. फिल्म लावलेली मोठी वर, आणि उघडी गाईड खाली.

आणि तिनं सांगितलं होतं, खालचीतूनच बघा.

"अरे देवा," जीवराम म्हणाला, कारण मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण मॅडम तोवर दाराबाहेर पोचल्या होत्या.

स्कूटी काढता काढता तिनं आत्यांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. आत्यांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि आत्या गच्चीवर. हे तिला माहीत होतं, तरी तिनं तिसऱ्यांदा लावला. प्रशीलचा फोन परीक्षेच्या खोलीबाहेर जमा. मग शेजारच्या ज्योतीला लावला. ज्योतीनं उचलला, मागे बायकांचा नुसता कलकलाट.

"ज्योती, आत्यांना सांग, खालचीला डोळा लावू नका! खालचीला नाही!"

"हॅलो? आवाज तुटतोय गं. वरचीला लावायचा नाही, हो, माहितीये!"

"वरचीला नाही, खालचीला! खालची!"

"हो हो, खालचीच! आत्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतलंय. आम्ही रांगेत आहोत, आधी आत्या बघणार, मग आम्ही. तू ये सावकाश!" आणि फोन कट. पुन्हा लावला तर व्यस्त. ज्योती बहुधा सूर्य बघायला आणखी कुणाला तरी बोलवत होती.

आधी आत्या बघणार! डावा तर लावणार नाहीतच, लावतील तो उजवाच. जोडीदार नसलेला.

वृषालीनं स्कूटी अशी हाणली की खड्डा की दगड, काही बघितलं नाही. अजिंठा चौफुलीवर येते तो केळीचा ट्रक आडवा बंद पडलेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हॉर्नचा नुसता आक्रोश. वाहनं एकमेकांत अशी गुंतलेली की सोडवायला नखं हवीत. सूर्य डोक्याच्या पश्चिमेला लखलखत होता. आजवर त्या सूर्याला तिनं इतक्या प्रेमानं पाहिलं होतं, आता तिला तो वैरी वाटला.

तिथे थांबल्या थांबल्या तिच्या मनात आलं, कदाचित जोडणी चुकली असेल. गाईडची नजर जरा जरी बाजूला असेल तर तिच्यात सूर्य येणारच नाही, नुसतं काळं दिसेल. पण लगेच तिला पहाटेची ती सळई आठवली. केसाचा फरक नव्हता. मोठीच्या मधोमध सूर्य, तर गाईडच्याही मधोमध सूर्यच. सहा-सहा स्क्रू पिळून, रात्रभर जागून, तिनंच तो तिथे आणून ठेवला होता. त्या पाइपाच्या वाकड्या कड्या असत्या तर! धणे तर धणे, पण गाईडनं मान टाकली असती. काय अवदसा आठवली आणि बन्सीलालकडे गेले, असं म्हणून ती हेल्मेटच्या आत रडायला लागली.

"मान टाक गं बाई," ती त्या नळीला म्हणाली. "आज एकदा मान टाक."

रडता रडता दुसरा विचार आला आणि तो तर त्याहून विचित्र. आत्या कधी तिचं ऐकतात? कधीच नाही. खालची म्हटलं की वरची, हाच त्यांचा स्वभाव. बारा वर्षं ती ज्या स्वभावाच्या नावानं बोटं मोडत आली, त्या स्वभावाची आज तिनं करुणा भाकली. आत्या, ऐकू नका माझं. आजवर नाही ऐकलंत, आजच्या दिवस तेवढं राहू द्या. हवं तर जन्मभर चहात बोट घाला, मीठ जास्त घाला, पण आज माझं ऐकू नका. ओठांवर आपोआप विहारातलं त्रिसरण आलं आणि शब्द पुढेमागे होऊ लागले.

ट्रकच्या कडेनं, चुकीच्या अंगानं, तिनं स्कूटी घुसवली. हवालदारानं हात आडवा केला.

"मॅडम, ही काय पद्धत झाली? लायसन काढा."

"साहेब, माझ्या सासूचा डोळा जातोय!"

"मग दवाखाना त्या बाजूला आहे. तुम्ही निघालात कुठे?"

"अजून गेलेला नाही हो! तो जायच्या आत पोचायचंय!"

हवालदारानं तिच्या तोंडाकडे बघितलं. काय कळलं त्याला कोण जाणे, पण त्यानं शिट्टी मारली, एक रिक्षा मागे रेटली आणि तिला वाट करून दिली. भलं होवो त्या माणसाचं.

आकाशवाणी चौक, पुढचा पूल, पिंप्राळ्याचा रस्ता, हे सगळं कसं पार पडलं ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. घराच्या दारात बायकांच्या चपलांचा ढीग होता. स्कूटी तिनं उभी केली नाही, सोडून दिली. ती भिंतीला टेकून पडली.

आणि वरून आवाज येत नव्हता.

इतक्या बायका गच्चीवर आणि आवाज नाही? मघाशी फोनमध्ये तर कलकलाट होता. वृषाली जिन्यातच थांबली. काहीतरी झालंय. आता वर गेल्यावर काय दिसेल? पदर डोळ्याला लावून बसलेल्या आत्या? त्या पौर्णिमेला पुस्तक उघडतील आणि पानाला बोटं लावून बसतील? तिनं कठडा धरला आणि स्वतःला वर ओढत नेलं.

गच्चीवर सतरंजी होती, सतरंजीवर बायका होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडात चिवडा होता. म्हणून आवाज नव्हता. दुर्बिणीवर आत्यांची जाड गोधडी टाकलेली. आणि आत्या खुर्चीत, डावा हात पदराखाली, उजव्या हातानं चिवड्याचा डबा पुढे करत होत्या.

"आली का? ये," त्या म्हणाल्या. "यंत्र तापलं व्हतं, म्हनीसन झाकी ठेवं. तू उनी की दाखाडशी."

वृषाली धावत जाऊन त्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आपला पंजा त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर नाचवला.

"आत्या, किती बोटं? किती दिसतात?"

"पाच शेतस. आनि नखं वाढेल शेतस," आत्या म्हणाल्या.

बायका खो खो हसल्या. ज्योती म्हणाली, "अगं, असं काय करतेस? आत्या आधी बघायला गेल्या आणि लगेच मागे आल्या. म्हणाल्या, यंत्र तापलंय, सून आल्याशिवाय कुणी जवळ जायचं नाही. आम्हाला हात लावू दिला नाही. चहाच्या भांड्यानं बिचाऱ्यांचा हात भाजलाय, तरी आम्हाला वाढताहेत बघ."

"चहाच्या भांड्यानं?" वृषाली म्हणाली.

आत्या उठल्या. "जरा पानी आनूत," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून त्यांनी सुनेला टाकीच्या आडोशाला नेलं. तिथे त्यांनी पदराखालून डावा हात काढला. चहाच्या कपात घालायचं तेच बोट. टोकाला पांढरा फोड आणि मधोमध काळा ठिपका, उदबत्ती टेकवल्यासारखा.

"तूच सांगेल व्हतं ना, खालनीमा देखानं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मंग मी खालनीमाच देखाले वाकनू. पन डोया कोठे लावाना ते माले समजेना, म्हनीसन आगोदर बोट लावं. तं काय वं बाई, इस्तूच! आगच आग!"

वृषालीनं तो हात आपल्या हातात घेतला. बोटाच्या जागी डोळा असायला अर्धा श्वास उरला होता.

"मी सकाळी सांगितलं तेव्हा ही नळी वर होती," ती म्हणाली. "मोटरनं फिरवलं. वरची खाली आली. माझं चुकलं आत्या. टोपण पण माझ्याच खिशात राहिलं. मी सगळ्या वाटेत म्हणत आले, आज माझं ऐकू नका म्हणून."

आत्यांनी तिच्याकडे बघितलं. एक डोळा हसतो तेव्हा तो पुरा हसतो.

"आनि मी आजच पह्यल्यांदा तुनं आइकं," त्या म्हणाल्या.

मग मात्र वृषालीचा बांध फुटला. ती टाकीला टेकून हुंदके देऊन रडली, आणि आत्या भाजका हात वर धरून दुसऱ्या हातानं तिची पाठ थोपटत राहिल्या.

"बायकांना का नाही सांगितलंत, कशानं भाजलं ते?"

"काबर सांगू? उद्या बठ्ठी कॉलनी म्हनी, सुननं यंत्र सासूले भाजस. पुन्हा कोनी गच्चीवर येवावं नही. मना बोटना काय, चार दिनमा फोड जिरी जाई." त्यांनी सुनेचे डोळे पदरानं पुसले. "चाल. बायका वाट देखी ऱ्हायन्यात. तोंड धुय."

वृषालीनं तोंड धुतलं. सूर्याकडे पाठ करून तिनं गोधडी उचलली, खिशातलं टोपण गाईडच्या तोंडावर बसवलं, मागचं भिंग काढून घेतलं, आणि तेवढ्यानंही जिवाला बरं वाटेना म्हणून सहाच्या सहा स्क्रू सैल करून ती नळीच कड्यांतून बाहेर काढली. रात्रभर केसाएवढ्या फरकासाठी जुळवलेलं सगळं एका क्षणात मोडलं. तिला काही वाईट वाटलं नाही. मग मोठीची फिल्म चार वेळा चाचपून बघितली, आधी भिंगामागे स्वतःचा तळहात धरला, मग स्वतःचा डोळा लावला, आणि मग म्हणाली, "या आत्या."

आत्या पुढे झाल्या आणि भिंगाच्या दिशेनं त्यांचा उजवा हात पुढे आला. आधी बोट.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एरवी अशा वेळी वृषाली म्हणाली असती, बोट कशाला आत्या, भिंगाला डाग पडतात. आज तिनं बाजूला सरकून जागा दिली. आत्यांनी बोटानं भिंग चाचपलं, ते गार होतं, आणि मग सावकाश डोळा टेकवला.

"दिसना वं!" त्या ओरडल्या. "लाल शे, गोल शे. आनि हाई काय, तीळ?"

"तेच डाग. एकेक डाग आपल्या पृथ्वीहून मोठा आहे."

"अशा मोठा गडीले डाग," आत्या म्हणाल्या, "आनि आपन उगाच आरशामा देखत बसतस." बायका हसल्या आणि रांग पुढे सरकली.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर आत्यांनी सवयीनं चहा टाकला. बोटाला मलम लावून वृषालीनं पांढरी पट्टी गुंडाळली होती. गाळायची वेळ आली तसा आत्यांचा डावा हात कपाकडे गेला आणि पट्टी बघून हवेतच थांबला. उजव्या हातातलं भांडं जड होतं, वाफेत कप कुठे आहे ते कळत नव्हतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, कुणाला हाक न मारता.

वृषाली शेजारी येऊन उभी राहिली. तिनं आपलं बोट कपाच्या काठावर अडकवलं आणि आत्यांचा हात धरून भांड्याची चोच बरोबर वर आणली.

"ओता," ती म्हणाली.

आत्यांनी ओतलं. चहा चढत चढत तिच्या बोटाला लागला, चांगलाच पोळला, पण तिनं बोट काढलं नाही.

"बस्स," ती म्हणाली. "भरला."